पेंडसे मॅडमची लोकरीची बुरशी

पेंडसे मॅडम दमून गेल्या असं कधी झालं नाही. त्या दमूनच यायच्या. कॉलेजच्या फाटकाशी रिक्षा थांबली की आधी छत्री बाहेर यायची, मग पिशवी, मग दोन सुया टोचलेला लोकरीचा गुंडा, आणि सगळ्यात शेवटी 'दमले हो' असं म्हणत स्वतः मॅडम. समोर कोण आहे हे बघण्याआधी ते 'दमले' यायचं. शिपाई असला तर शिपायाला, प्राचार्य असले तर प्राचार्यांना, कुणीच नसलं तर फाटकाला. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो, त्यामुळे माणूस प्रवेश कसा घेतो इकडे माझं बारीक लक्ष असतं. इतका थकलेला आणि तरी इतका ठाम प्रवेश मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

त्या मायक्रोबायॉलॉजी शिकवायच्या आणि त्यांची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या थांबायच्या. दम लागला हे कबूल करायचं नसल्यामुळे तिथे त्या काहीतरी सांगायला लागायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटे की आपल्याला मुद्दाम काही सांगण्यासाठीच बाई थांबल्या आहेत. वर्गात अर्धं वाक्य बोलून म्हणायच्या, "पुढचं तुम्ही म्हणा." मुलं म्हणायची. पुढे पुढे मुलांना सवय इतकी लागली की घरी आईनं अर्धं वाक्य बोललं तरी ती पुरं करायची आणि मार खायची.

स्टाफरूममध्ये त्या टेबलावर डोकं ठेवून पडायच्या आणि तशाच, डोळे मिटून, सगळ्यांच्या बोलण्यात भाग घ्यायच्या. नवीन आलेल्या माणसाला टेबलच बोलतंय असं वाटायचं.

आमची ओळख एका राजामुळे झाली. लोणावळ्यात चार महिने टॉवेल वाळत नाही. चपलेला हिरवी, कमरेच्या पट्ट्याला पांढरी, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला काळी अशी बुरशी धरते, आणि बाहेरून आलेल्यांना आम्ही इथली हवा चांगली आहे असं सांगतो. एका श्रावणात मी नाटकाची पेटी उघडली तर राजाच्या मखमली अंगरख्यावर करडी लव आलेली. मी तो दोन बोटांत धरून त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. टेबलावर डोकं होतं. मी भारदस्त आवाजात म्हणालो, "मॅडम, महाराज गेले."

"कशानं?" डोकं न उचलता.

"बुरशीनं."

डोकं वर आलं. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा त्या लवेवर दाबला, काचेवर चिकटवला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "ही गरीब माणसं आहेत, नटवर्य. कापूस खातात, ओल पितात. महाराजांना उन्हात टाका." ऊन दिवाळीशिवाय मिळणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. "माणसाला रोग करणारी बुरशी वेगळी. ती आधी नीट कपडे घालून येते."

हे कपडे म्हणजे पेंडसे मॅडमचा जन्मभराचा विषय. बुरशीच्या पेशीला आपल्यासारखं नुसतं पातळ आवरण नसतं, त्यावर भिंत असते. पण भिंत हा शब्द त्यांना चालत नसे. भिंत म्हटलं की मुलं विटा काढतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जुलैत, पहिल्याच तासाला, त्या एखाद्या भिजून आलेल्या मुलाला पुढे बोलवायच्या. लोणावळ्याचा मुलगा, त्यामुळे अंगावर सदरा, त्यावर स्वेटर आणि त्यावर रेनकोट हे ठरलेलंच. सदऱ्याला हात लावून म्हणायच्या, हे काइटिन, सगळ्यात आतलं, चिवट, खेकड्याच्या कवचातही हेच असतं. स्वेटरला हात लावून, हे ग्लुकान, जाड, विणलेलं, बुरशीला आकार देणारं. आणि रेनकोट, हे मॅनन, सगळ्यात बाहेरचं, गुळगुळीत. "आता आपल्या शरीरातले पहारेकरी स्वेटर ओळखतात. स्वेटर दिसला की धरतात. म्हणून ही वरून काय घालते?"

"रेनकोट," वर्ग म्हणायचा.

मग त्या रेनकोटाची टोपी त्या मुलाच्या नाकापर्यंत ओढायच्या. "हा कोण?"

"ओळखू येत नाही, मॅडम."

"तेच," म्हणायच्या आणि खुर्चीत बसायच्या. तास तिथे संपायचा. घंटेला वेळ असला तरी संपायचा.

उन्हाळ्यात रेनकोटवाला मुलगा मिळत नाही म्हणून त्यांनी ती बुरशी विणली. कलिंगडाएवढा गोळा. आत पांढऱ्या सुताची घट्ट जाळी, त्यावर हिरव्या लोकरीचा जाड थर, आणि बाहेर नारिंगी लोकरीच्या झिरमिळ्या, लांब लांब. बाजूला बटणं लावलेली, ती काढली की एकेक थर उलगडून दाखवता यायचा. स्टाफरूममध्ये ती विणत बसलेल्या असताना एका नव्या प्राध्यापिकेनं विचारलं, नातवासाठी का? मॅडम म्हणाल्या, "नाही, गजकर्णासाठी." त्या प्राध्यापिका पुढे वर्षभर आपला डबा लांब बसून खात होत्या.

गजकर्ण. पेंडसे मॅडम खऱ्या दमल्या होत्या त्या यानं. आमच्या भागात गजकर्ण घरोघर आहे. हॉटेलांत ओल्या कपड्यांत राबणारी पोरं, भातखाचरात उभ्या राहणाऱ्या बायका, एका टॉवेलाला अंग पुसणारी घरं. अंगावर लाल कडेचं गोल उठतं आणि खाजतं. मग माणूस औषधाच्या दुकानात जातो, काही न दाखवता एक टूब मागतो, ती चोळतो आणि दोन दिवसांत खाज थांबते. मॅडमचं सगळं भांडण त्या दोन दिवसांशी होतं. खाज म्हणजे पहारेकऱ्यांची आरडाओरड, त्या सांगायच्या. टूबेत स्टेरॉइड असतं, ते पहारेकऱ्यांना झोपवतं. आरडाओरड थांबली म्हणजे चोर गेला असं नाही. आता तर तो रेनकोट काढून हातात घेऊन चालतो.

"आधी बघा, मग लावा," हे त्यांचं एकच मागणं होतं. आणि बघण्याची त्यांची एक पद्धत होती. बोथट पातीनं डागाच्या कडेची थोडी कातडी खरवडायची, काचेवर घ्यायची, त्यावर पोटॅशचा थेंब टाकायचा. आणि मग चहा टाकायचा. कारण त्या थेंबात माणसाची कातडी हळूहळू विरघळते, आणि बुरशी विरघळत नाही, तिच्या अंगावर ते कपडे असतात ना. चहा होऊन, गाळून, पिऊन होईपर्यंत काचेवर फक्त ती उरते. त्या घाई कधी करत नसत. प्रयोगशाळेत कपबशी खडखडली की आम्हाला कळायचं, आत कुणाची तरी कातडी विरघळते आहे. मी त्या वेळेला बरोबर पोचायचो. चहा दोघांपुरता असायचाच.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा त्यांनी मला नाटक लिहून दिलं. कुरवंड्याच्या शाळेच्या ओसरीवर करायचं, गावासाठी. बुरशीचं काम मला. स्वेटर, वर नारिंगी झिरमिळ्या लावलेला रेनकोट, आणि डोक्यावर तो लोकरीचा गोळा मुकुटासारखा. पहारेकरी म्हणून सारिका. ही कुरवंड्याचीच मुलगी, मॅडमच्या वर्गात पहिली येणारी. अंतर्गत परीक्षेत तिनं बुरशीच्या भिंतीची अशी आकृती काढली होती की मॅडमनी तो पेपर मला दाखवायला खाली आणला. स्वतः, जिना उतरून. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मॅडम एका वळणावर न थांबता आल्या होत्या, त्यावरून मी काय ते समजलो.

उरली टूब. त्या कामाला मॅडमनी कबड्डीच्या संघातला एक उंच, देखणा मुलगा निवडला. मी म्हटलं, टूब खलनायक आहे, ह्याला कशाला? त्या म्हणाल्या, टूबेला बोलायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं, आणि हा फार छान उभा राहतो.

तो खरोखरच छान उभा राहिला. पांढऱ्या झग्यात, चंदेरी कागदाची टोपी घालून तो संथपणे आला, लाठी आपटून ओरडणाऱ्या सारिकाच्या कपाळावरून त्यानं अलगद हात फिरवला आणि ती झोपली. ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम सुस्कारा टाकला. पुढे मी मुक्त बुरशी म्हणून जे काही नाचलो, गरागरा फिरलो, राक्षसी हसलो, त्याला टाळ्याही पडल्या. पण प्रयोग संपल्यावर रंग पुसत असताना तीन बायका आल्या. त्यातली एक मॅडमना म्हणाली, "बाई, लय झ्याक केलं. ती टूब कुटं मिळंल?"

परतताना घाटरस्त्यावर मॅडमनी गाडीत सीटला डोकं टेकलं. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "काम फार छान झालं, नटवर्य. टूबेचं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्या चैत्रात, परीक्षा संपल्यावर, मी नेहमीसारखा चहाच्या वेळेला वर गेलो तर आत सारिका आणि तिचे वडील, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, उभे होते. चहाचं पातेलं गॅसवर नव्हतं. भर उन्हाळ्यात सारिकाच्या गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली. भाऊ उभ्या उभ्या बोलत होते, टोपी हातात घेऊन. पोरीचं उर्श्यातल्या अमोलशी ठरलं होतं. मुलगा टोलनाक्यावर कामाला, घर चांगलं. साखरपुड्यात मुलाच्या आत्यानं, पारूआत्यानं, सारिकाच्या गळ्यात साखळी घालायला मागून केस उचलले आणि हात तिथंच थांबला. मानेवर पांढुरका डाग. कोड आहे म्हणाली. भरल्या मांडवात मोठ्यानं म्हणाली. लग्नाला वैशाखातली तारीख होती. आता उर्श्याहून निरोप आला होता की कोडाची पोरगी आमच्यात चालायची न्हाई.

"म्याडम, तुमी येवढं लिवून द्या का कोड न्हाई," भाऊ म्हणाले. "तुमचं आयकत्याल. न्हाईतर पोरीचं नाव खराब झालं ते झालं. पुन्ना कोण दारात येतंय?"

मॅडमनी उठून ओढणी सोडली. मानेच्या मागे कातडी पातळ आणि फिकट झालेली, आणि त्या फिकट डागाच्या बाहेरून, केसांच्या कडेला, लाल बारीक रेघ. त्यांनी सारिकाकडे पाहिलं.

"टूब?"

"हो."

"कधीपासून?"

"परीक्षेच्या आधीपासून."

"सारिका, अगं, पेपरात रेनकोटाचं किती सुंदर लिहिलं होतंस तू. नाटकात तर तूच झोपली होतीस."

सारिका खाली बघत म्हणाली, "ते पेपरातलं होतं, मॅडम. हे घरातलं. आईनं टूब दिली, मी लावली."

जिने चढून संपल्यावर कुणीतरी वर आणखी एक मजला आहे म्हणून सांगावं, तशा मॅडम स्टुलावर बसल्या. एवढं मोठं निमित्त मिळूनही 'दमले' म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी लिहून काही देणार नाही, भाऊ. कागद कुणी बघत नाही. आपण उर्श्याला जाऊ."

माझी जुनी गाडी काढली. मॅडम पुढे बसल्या, मांडीवर मायक्रोस्कोप, शालीत गुंडाळलेला, तान्ह्या मुलासारखा. मागे भाऊ आणि सारिका. भाऊंना मुलीनं आपणहून सासरच्या दारात जावं हे पटत नव्हतं, पण मॅडमनी ऐकलं नाही. कामशेत, वडगाव करत आम्ही जुन्या हायवेनं गेलो. मी एकदा नाटकातलं राक्षसी हसू हसून दाखवावं का असा विचार केला आणि सोडून दिला.

अमोलच्या घरी ओटीवर सतरंजी अंथरली होती. अमोल टोलनाक्यावरून तसाच आलेला, गणवेशात, कमरेला रुंद पट्टा. वडीलमंडळी भिंतीला टेकून. आणि मध्यभागी पारूआत्या. ठेंगणी, काटक, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की टोलनाक्यावर उभी केली असती तर फाटक लागलं नसतं. तिनं माझ्याकडे बघितलं, शालीतल्या वस्तूकडे बघितलं आणि विचारलं, "देव आनलाय का काय?"

"नाही, डोळा आणलाय," मॅडम म्हणाल्या. "आधी मला खुर्ची द्या. दमले हो."

मला हायसं वाटलं.

पुढचं मी आयुष्यभर नाटकं बसवून बसवू शकलो नसतो. मॅडमनी सारिकाला ओटीच्या कडेला उजेडात बसवलं, सगळ्यांदेखत ओढणी बाजूला केली आणि त्या लाल रेघेवरची कातडी पातीनं हळूच खरवडून काचेवर घेतली. थेंब टाकला. मग मान वर करून पारूआत्याला म्हणाल्या, "आता चहा टाका."

आत्याला वाटलं पाहुणचाराची मागणी आहे. तिला ते आगाऊपणाचं वाटलं असणार, पण दारात आलेल्या माणसाला चहा नाही म्हणणं तिला जमणारं नव्हतं. ती आत गेली. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात, डोळे मिटूनच, त्या म्हणाल्या, "अमोल, पट्टा जरा सैल करा आणि पुढे या."

मी अमोलकडे पाहिलं. तो मघापासून भिंतीला कंबर घासत होता. उभ्या उभ्या, बैलानं खांबाला घासावी तशी, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. त्याचे वडील म्हणाले की उन्हाचं होतं, गणवेश जाड आहे. मॅडम म्हणाल्या, असेल, पण आलेच आहे तर दोन्ही घरांचं बघून जाते. अमोलनं एकदा सारिकाकडे बघितलं. ती मान उघडी टाकून बसली होती. मग तो पुढे आला.

दुसरी काच. दुसरा थेंब. चहा आला, प्यायला गेला. बशा खाली ठेवल्यावर मॅडमनी दोन्ही काचा लावून पाहिल्या आणि मायक्रोस्कोप पारूआत्याकडे वळवला. "तुम्ही बघा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"डाग तुम्हीच बघितला ना पहिला?"

आत्या वाकली. एक डोळा मिटता येईना म्हणून तिनं तो तळहातानं झाकला. बराच वेळ तिला आपल्याच पापण्या दिसत होत्या. मॅडमनी चाक फिरवून दिलं आणि आत्या एकदम आणखी खाली वाकली.

"आगं बया. मुळ्या हायेत ह्या. भाताच्या रोपाच्या असत्यात तशा."

"ती बुरशी. आता ही दुसरी काच बघा."

आत्यानं पाहिलं. पुन्हा पहिली मागितली. पुन्हा दुसरी. मग ती सरळ झाली आणि तिनं ओटीवरच्या एकेका माणसाकडे बघितलं. "सारक्याच हायेत," ती म्हणाली. "दोनी."

मॅडमनी मग सांगितलं ते थोडक्यात आणि खालच्या आवाजात. हे कोड नाही. मुलीची कातडी फिकी पडलीय ती टूबेनं. टूब बंद केली की आधी खाज दुप्पट उसळेल, घाबरायचं नाही, डॉक्टरांच्या गोळ्या पुऱ्या घ्यायच्या, दोघांनीही. टॉवेल वेगळे, कपडे उन्हात. आणि घरात अजून कुणाला असेल तर त्यांनीही.

मग पारूआत्यानं कमरेला खोचलेली कनवटी सोडली, त्यातून एक पिळून चपटी झालेली टूब काढली आणि मायक्रोस्कोपशेजारी ठेवली. "ही घरात समद्यांची हाय," ती म्हणाली. "माझ्याकडं आसती."

लग्न मोडायचा प्रश्न संपला होता, पण आता तारखेचा आला. वैशाखात लग्न नको, बरं व्हायला वेळ लागेल, असं मॅडम म्हणत होत्या. वडीलमंडळी मुहूर्त काढलाय म्हणत होती. एकदा काढलेला मुहूर्त बदलत नसतो, लोक काय म्हणतील, असं बराच वेळ चाललं. मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या की ठीक आहे, लग्न करा, पण हळदीच्या वाट्या वेगळ्या ठेवा. नवऱ्यामुलाच्या अंगाची हळद मुलीला लावू नका.

पारूआत्या ताडकन उठली. "उष्टी हळद न्हाई लावायची?"

"नाही."

"आवं, नवऱ्याची उष्टी हळद नवरीला न्हाई लागली तर त्ये लगीन म्हनायचं का काय?"

"मग थांबा," मॅडम म्हणाल्या. "दोघं बरे होऊ द्या. मग लावा हवी तेवढी उष्टी."

आत्यानं भिंतीला टेकलेल्या वडीलमंडळींकडे पाठ फिरवली आणि भाऊंना सांगितलं, "तुळशीचं लगीन झाल्यावर बघू." मुहूर्ताचं त्यानंतर कुणी काढलं नाही.

परतताना मी भलताच खुशीत होतो. गाडी चालवत मी तो अंक पुन्हा सगळा करून दाखवत होतो, आत्याचा झाकलेला डोळा, कनवटी, सगळं. मागे भाऊ हसत होते. सारिकाही एकदा हसली. मॅडमनी काचेला डोकं टेकलं होतं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "लग्न मोडत होतं म्हणून बघितलं त्यांनी. नुसतं खाजत असताना कुणी बघत नाही, नटवर्य. एवढी वर्षं झाली, एक माणूस टूब लावायच्या आधी आलेला नाही. सगळे नंतर येतात." मागे सारिका होती. तिनं ते ऐकलं.

कार्तिकात कुरवंड्याला लग्न झालं. आदल्या दिवशी पारूआत्या स्वतः हळदीची वाटी घेऊन उर्श्याहून आली, दोन्ही हातांत धरून, आणि सारिकाच्या नितळ मानेला तिनं एवढी हळद फासली की पोरगी पिवळी मूर्ती दिसायला लागली. उरलेली तिनं मॅडमच्या गालाला लावली. मॅडम मांडवातल्या खुर्चीत बसल्या होत्या, थोड्या वेळानं तशाच, पिवळ्या गालानं झोपी गेल्या. मध्ये एकदा जाग्या झाल्या तेव्हा शेजारच्या करवलीनं पर्समधून रुमाल काढला आणि त्याबरोबर एक टूब खाली पडली. मॅडमनी ती बघितली. मीही बघितली. "मी काही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

मग त्या निवृत्त झाल्या. कॉलेजनं मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप त्यांनी मागून घेतला आणि तुंगार्लीच्या घरी व्हरांड्यात टेबलावर, लोकरीच्या बुरशीशेजारी ठेवला. कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, असू दे, जागा अडवत नाही. तो जागा अडवत होता. जेवायचं ताट ठेवायला तिथे जागा नसायची.

यंदा मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो ते रिकाम्या हातानं, नुसता चहासाठी. फाटकाशी रिक्षा उभी होती. व्हरांड्यात पारूआत्या बसली होती, आणि सतरंजीवर सारिकाचं पोर, सात-आठ महिन्यांचं, उघडंबंब. सारिका म्हणे उर्श्यातल्या मेडिकलच्या दुकानापर्यंत जाऊन तिथूनच परत वळली होती आणि आत्यालाच म्हणाली होती की आधी मॅडमकडे. पण आत्या ते असं सांगत होती की आपणच सारिकाला वळवलं. सारिका आत चहा टाकत होती, तिनं ते खोडून काढलं नाही. पोराच्या मानेवर आणि काखेत लाल पुरळ होतं.

"काय न्हाई लावलं अजून," पारूआत्या मॅडमना बजावत होती. "पानी सुदिक कोमटच. म्हनलं आदी बाईंनी बगू दे."

मॅडम मायक्रोस्कोपावर वाकलेल्या होत्या. आतून कपबशांचा आवाज येत होता. मी पायरीवरच थांबलो, कारण अशा वेळी प्रवेश घ्यायचा नसतो. मॅडमनी काच सरकवली, पुन्हा सरकवली, चाक मागेपुढे केलं आणि शेवटी डोकं वर केलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घामोळं आहे. सुती झबलं घाला आणि वाऱ्यावर ठेवा."

आत्याचा चेहरा उतरला. "काय न्हाई म्हंजी? नीट बगा की. उर्श्यावरनं आलोय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत, नटवर्य? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आधी आलं, आणि काचेवर काहीसुद्धा नाही."

मग त्यांनी नवी काच पुसली, पोराच्या दुसऱ्या काखेतून थोडं घेतलं, थेंब टाकला आणि आत हाक मारली, "सारिका, अजून एकदा टाक गं चहा. चौघांना." आणि चहा व्हायच्या आधीच पुन्हा त्या भिंगावर वाकल्या. शेजारी पारूआत्या नाटकातल्या पहारेकऱ्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी, लाठी तेवढी नव्हती. आणि सतरंजीवर ते पोर, कुणाचंच लक्ष नाही असं बघून, लोकरीच्या बुरशीला दोन्ही हातांनी धरून तिच्या नारिंगी झिरमिळ्या एकेक करून चोखत होतं.